मशेरी, गर्भातलं मूल आणि कारणाचा प्रश्न

 

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी मला विचारलं, "सर, गरोदर बाई, तंबाखू आणि बाळाचा मेंदू हा डॉक्टरांचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं त्यात काय काम?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे, पण सुई टोचणारा नाही. (हशा) आयुष्यभर मी वर्गात एकच गोष्ट फिरून फिरून शिकवली. "हे त्याचं कारण आहे" असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? तंबाखू आणि गर्भ यांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. म्हणून हा विषय घेतला.

पण ही झाली सभेत सांगायची सबब. खरी गोष्ट घरातली आहे, ती आधी सांगतो.

माझी आई मशेरी लावायची. आमच्याकडं मिश्रीही म्हणतात. दुपारी सैपाक आटोपला, चूल जरा निवली की ती तव्यावर तंबाखूची पानं टाकायची आणि काळी पडेपर्यंत भाजायची. घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती चुरून, बारीक करून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, रानातून आल्यावर, चिमूटभर घेऊन बोटानं दातांवर फिरवायची. आम्हा पाच भावंडांच्या वेळी तिनं ती कधी थांबवली असेल असं मला वाटत नाही. थांबवायची असते, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

माझ्या पाठचा भाऊ लहानपणी फार चुळबुळा. एका जागी बसायचा नाही, पाटीवर अक्षर टिकायचं नाही. चौथीत शाळा सुटली. पुढं त्यानं शेती केली, उत्तम केली, बैलांचं त्याला जेवढं कळतं तेवढं मला पुस्तकांचं कळत नाही. पण आईच्या मनात ते राहिलं. ऐंशी ओलांडल्यावर तिनं कुठल्याशा दवाखान्याच्या भिंतीवर गरोदर बाई आणि तंबाखूचं चित्र पाहिलं. घरी आल्यावर मला हळूच विचारलं, "माझ्या मिश्रीनं झालं का रे त्याचं तसं?" मी म्हणालो, "नाही गं आई, तसं काही नसतं."

हे उत्तर मी मायेनं दिलं, विचार करून दिलं नाही. आज जे बोलणार आहे ते तिच्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आता इतिहास. तंबाखू ही आपल्या मातीतली वनस्पती नव्हे. अमेरिका खंडातून ती पोर्तुगिजांनी आणली आणि किनाऱ्यावरून ती दख्खनमध्ये शिरली. अकबराच्या दरबारातला असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. तिथं त्यानं तंबाखू पाहिली आणि सजवलेल्या हुक्क्यासकट बादशहाला नेऊन दिली. म्हणजे आग्र्याच्या आधी ती विजापुराला ठाऊक होती. आपल्या जवळचा नळदुर्ग किल्ला त्याच आदिलशाहीतला. तेव्हा या वस्तूशी आपली ओळख चारशे वर्षांची आहे. १६१७ मध्ये जहांगीरनं तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं पुढं काय होतं, हे २०१२ च्या गुटखाबंदीनंतर पानटपऱ्या पाहिलेल्यांना सांगायला नको. (हशा)

पुरुषानं चिलीम ओढली, विडी ओढली, चारचौघांत ओढली. बाईनं ओढली असती तर गावभर बोभाटा झाला असता. म्हणून बाईकडं तंबाखू आली ती दंतमंजनाच्या नावानं. दात दुखतो, हिरड्या सुजल्या, पोट साफ होत नाही, लाव जरा मशेरी. व्यसन म्हणून नाही, औषध म्हणून. सासूनं सुनेला दिली, आईनं लेकीला दिली. त्यामुळं आजही "तुम्ही तंबाखू घेता का?" असं विचारलं तर कितीतरी बायका मनापासून "नाही" म्हणतात. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी ती तंबाखू नाही, मशेरी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणाऱ्या बायका शंभरात २ निघाल्या, आणि धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या जवळजवळ १३. म्हणजे "गरोदरपणातलं धूम्रपान" एवढंच म्हणत राहिलो तर आपल्या बहुतेक बायका त्या वाक्यात येतच नाहीत.

आणि हीच बाई तंबाखूची मजूरसुद्धा. सोलापूर काही लांब नाही. तिथं हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. सूप मांडीवर, तंबाखू सुपात, आणि पोटात सातवा महिना, हे दृश्य तिथं नवं नाही. निपाणीच्या वखारींतही तंबाखूच्या धुळीत बायकांनीच दिवस काढले. तेव्हा पोटातल्या बाळापर्यंत तंबाखू पोचायच्या वाटा आपल्याकडं अनेक आहेत. सिगारेट ही त्यातली सगळ्यांत अरुंद वाट.

पण शास्त्राचा इतिहास सुरू झाला तो सिगारेटपासूनच, कारण शास्त्र तिकडं होतं. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात सिम्प्सन यांनी बाळंतपणाच्या सुमारे साडेसात हजार नोंदी तपासल्या. सिगारेट ओढणाऱ्या आयांची मुलं अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं. मग ब्रिटनमध्ये मोठं काम झालं. मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७ हजार बाळांची नोंद ठेवली गेली आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. १९७३ मध्ये नेव्हिल बटलर आणि हार्वे गोल्डस्टाइन यांनी त्या मुलांचा सात आणि अकरा वर्षांच्या वयातला हिशेब मांडला. गरोदरपणात दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या आयांची मुलं उंचीनं सरासरी सेंटिमीटरभर कमी आणि वाचन-गणितात तीन ते पाच महिने मागं होती. बाळाचं वजन सोडून त्याच्या बुद्धीकडं, शाळेकडं लक्ष गेलं ते असं.

इथं तत्त्वज्ञानाचा माणूस हात वर करतो. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण झाली का? आपल्या न्यायदर्शनानं यावर फार बारीक विचार केलाय. सतराव्या शतकात, म्हणजे तंबाखू या देशात रुजत होती त्याच सुमाराला, अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' लिहिला. त्या परंपरेत एक उदाहरण मुलांना हमखास शिकवतात. मडकं घडण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, माती असते, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव मडक्याचं कारण का? नाही. ते आधी असतं, पण त्याच्यावाचून अडत नाही. माती बैलगाडीनंही आली असती. त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात.

दुसरा शब्द 'उपाधी'. जिथं धूर तिथं आग, हे खरं. पण जिथं आग तिथं धूर, हे खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळं. हे ओलं लाकूड म्हणजे उपाधी. दोन गोष्टींची जोडी आपल्याला दिसते, पण त्या जोडीच्या आत तिसरंच काहीतरी काम करत असतं. तंबाखू घेणारी आई बहुधा गरीब असते, कमी शिकलेली असते, तिला पुरेसं खायला नसतं, घरात ताण असतो. मग मूल शाळेत मागं पडलं ते तंबाखूमुळं, की या ओल्या लाकडामुळं?

शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला होता. रोनाल्ड फिशर हा विसाव्या शतकातला फार मोठा संख्याशास्त्रज्ञ. स्वतः पाइप ओढायचा आणि तंबाखू कारखानदारांचा सल्लागारही होता. तो म्हणाला, सिगारेट आणि कर्करोग यांची जोडी दिसते, पण एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडंही नेत असेल आणि कर्करोगाकडंही. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत तो साफ चुकला. पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसरे कॅलिफोर्नियातले जेकब येरुशाल्मी. १९७१ मध्ये त्यांनी दाखवलं की फक्त कमी वजनाची बाळं घेतली, तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त जगतात! मोठा गोंधळ उडाला. सिगारेट बाळाला तारते की काय? याचं उत्तर आपल्या शाळेतच आहे. समजा परीक्षेत नापास झालेली मुलं तुम्ही एका खोलीत बसवली. त्यातल्या काहींना परीक्षेच्या दिवशी ताप होता, बाकीच्यांना विषयच समजत नव्हता. पुढच्या वर्षी तापवाली मुलं जास्त पास होणार. म्हणून ताप अभ्यासाला चांगला का? (हशा) तसंच इथं. ज्या बाळाच्या आईनं सिगारेट ओढली नाही आणि तरीही त्याचं वजन कमी भरलं, त्याच्या मागं बरेचदा सिगारेटपेक्षा गंभीर काहीतरी असतं. तुलनाच चुकीच्या खोलीत चालली होती.

मग वाद मिटला कसा? चिठ्ठ्या टाकून. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सेक्स्टन आणि हेबेल यांनी सिगारेट ओढणाऱ्या ९३५ गरोदर बायका घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सिगारेट सोडायला मदत केली, दुसऱ्याला नेहमीचीच तपासणी. चिठ्ठी टाकली की गरिबी, शिक्षण, स्वभाव या सगळ्या उपाध्या दोन्हीकडं साधारण सारख्या वाटल्या जातात. १९८४ मध्ये निकाल आला. मदत मिळालेल्या गटातली बाळं सरासरी ९२ ग्रॅमनं भारी होती. म्हणजे गाढव बाजूला झालं आणि कुंभार सापडला. बाळाचं वजन घटण्यात तंबाखूचा हात आहे, हे पक्कं झालं.

हे सगळं सिगारेटचं. आपल्या मशेरीवाल्या बाईला विचारायला उशीर झाला. कायद्याला मात्र ती आधी दिसली. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी योग्य ठरवली. पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला ना कारखाना, ना पाकीट, आणि म्हणून पाकिटावरचा इशाराही नाही.

तिला मोजलं ते मुंबईत. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी घरोघर जाऊन १,२१७ गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. २००४ मध्ये तो अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. शंभरातल्या सतरा जणी धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, त्यात मशेरी लावणाऱ्याच जास्त. शिक्षण, आर्थिक स्थिती, आईचं वजन अशा गोष्टींचा हिशेब वेगळा काढल्यावरही या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. त्याच बायकांच्या नोंदींवरून २००६ मध्ये दिसलं की मृत बाळ जन्मण्याचा धोकाही अडीचपटीच्या पुढं होता.

कुणी म्हणेल, १०५ ग्रॅम म्हणजे काय, दोन अंड्यांएवढं वजन! तीन किलोच्या बाळाला कदाचित काही नाही. पण आपल्याकडं किती बाळं तीन किलोची असतात? अडीच किलो ही काठावरची रेघ. जे बाळ त्या रेघेवर उभं आहे त्याला १०५ ग्रॅमचा धक्का पलीकडं ढकलतो. आणि "आमच्या आईनंही लावली, आम्हाला काय झालं?" असं म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. मी स्वतः मशेरी लावणाऱ्या आईचा मुलगा, पंच्याहत्तरीला आलोय, तुमच्यापुढं तासभर बोलतोय. पण सरासरीचा प्रश्न एका माणसाकडं बघून सुटत नाही. पुरातून वाचलेला माणूस पूर नव्हताच असं म्हणू शकत नाही.

आता मेंदूकडं येऊ. तंबाखूतलं निकोटिन आईच्या रक्तातून वारेपर्यंत जातं आणि वार ओलांडून बाळाकडं जातं. बाळाच्या बाजूला त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा थोडं जास्तच भरतं. आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन निरोप्याचं काम करतं, आणि ते निरोप घेणारी कुलपं पेशींवर असतात. निकोटिन त्याच कुलपांत बसतं. गर्भात ही कुलपं पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतात. तेव्हा त्यांचं काम विचार करणं हे नसतं. पेशींनी किती वाढायचं, कधी थांबायचं, कुठं जाऊन बसायचं, याचे निरोप त्यांच्यामार्फत जातात. घर बांधताना गवंड्याला एका बाजूनं मिस्त्री सांगतोय आणि दुसऱ्या बाजूनं भलताच माणूस अवेळी "आता थांब, आता लाव" म्हणतोय, असं ते होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन यांनी गाभण उंदरांना नुसतं निकोटिन देऊन हे दाखवलं. तिथं धूर नव्हता, गरिबी नव्हती, तरी पिल्लांच्या मेंदूची घडण बिघडली. म्हणून "मशेरीत धूर नाही, तिचा काय त्रास" हे म्हणणं टिकत नाही. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मशेरीत नसतो हे खरं, पण निकोटिन तेच असतं.

पण मुलाच्या वागणुकीचं काय? चुळबूळ, लक्ष न लागणं, हट्टीपणा? तंबाखू घेणाऱ्या आयांच्या मुलांत हे जास्त दिसतं, असं अनेक देशांतले अभ्यास सांगतात. फिनलंडमध्ये तर आयांचं गरोदरपणातलं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. त्यात निकोटिनची खूण जितकी जास्त, तितकं मुलांत लक्ष न लागण्याच्या विकाराचं प्रमाण जास्त, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. जोडी पक्की आहे. पण उपाधी?

इथं फिशरचा जुना प्रश्न परत येतो. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी फार हुशारीनं एक रस्ता काढला. कृत्रिम गर्भधारणेत काही वेळा बीज दुसऱ्या बाईचं असतं. म्हणजे आई मुलाला पोटात वाढवते, पण तिचा आनुवंशिक वारसा मुलाकडं जात नाही. अशी कुटुंबं आणि आईचंच बीज असलेली कुटुंबं, दोन्ही घेऊन त्यांनी २००९ मध्ये तुलना मांडली. वजनाच्या बाबतीत दोन्हीकडं सारखंच: आईनं सिगारेट ओढली की बाळ हलकं. पण चुळबूळ आणि आडदांड वागणं यांची सिगारेटशी असलेली जोडी मुख्यतः आईचंच बीज असलेल्या मुलांत दिसली. म्हणजे वागणुकीतला बराच भाग वारशाचा असू शकतो. जो स्वभाव आईला तंबाखूकडं नेतो, तोच मुलात चुळबूळ होऊन उतरतो. भावंडांची भावंडांशी तुलना करणारे अभ्यासही साधारण हेच सांगतात.

म्हणून मी पाटीवर दोन रकाने करतो. पहिल्या रकान्यात: कमी वजन, अपुरे दिवस, मृत बाळ. इथं तंबाखूला कारण म्हणायला आता संकोच नको. आणि अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ पुढं शिकण्यात मागं पडण्याचा धोका असतोच, तेव्हा मेंदूकडं जाणारी एक वाट इथूनही आहे. दुसऱ्या रकान्यात: मुलाचा स्वभाव, वागणूक. इथं निकोटिनचा काही वाटा असणं संभवतं, पण वारसा, गरिबी, ताण हे सगळे वाटेकरी आहेत. पहिला रकाना तंबाखू थांबवायला पुरेसा आहे. दुसरा रकाना कुठल्याही आईला दोषी ठरवायला पुरेसा नाही.

हा फरक मला किल्लारीत शिकायला मिळाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. पुढचं तुम्हाला मी सांगायची गरज नाही. सरकारी मोजणीत जवळपास आठ हजार माणसं गेली, लोकांच्या मोजणीत दहा हजार. नंतर कितीतरी दिवस इथं कारणाचीच चर्चा चालली होती. कुणी म्हणालं माकणीच्या धरणातलं पाणी, कुणी म्हणालं देवाचा कोप. पण इतकी माणसं कशानं मेली? तर भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर. उन्हापासून, चोरापासून पोरांना जपायला बापानं बांधलेली भिंतच पोरांवर पडली.

त्या पहाटेनंतर कुणी त्या बापाला म्हणालं का, "तुझ्या भिंतीनं मारलं तुझ्या लेकराला"? कुणीही नाही. भिंत कारण होती, बाप दोषी नव्हता. त्याला जे ठाऊक होतं, जे परवडत होतं, त्याच्या बापानं जसं बांधलं होतं, तसं त्यानं बांधलं. आणि तरीही आपण भिंत बदलली. ५२ गावं नव्या जागी उभी राहिली. ज्यांची घरं जागेवरच दुरुस्त व्हायची होती, त्या शेकडो गावांत गवंड्यांना नवी बांधणी शिकवली गेली आणि गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून घरोघर फिरल्या. कुणाला न रागावता त्यांनी सांगितलं की असा पट्टा घाल, असा दगड आडवा बसव.

त्याच दिवसांत मी विद्यार्थ्यांबरोबर पत्र्याच्या शेडमध्ये मदतीला येत होतो. एक पोरगी होती, सहावा-सातवा महिना असेल. घरातली चार माणसं गेलेली. ती सारखी मशेरी लावत बसायची. तपासणीला आलेल्या कुणीतरी तिला सगळ्यांसमोर झापलं, "पोटात बाळ आहे आणि हे काय करतेस? आई आहेस की कोण?" ती काही बोलली नाही. डबी पदराखाली घातली. दुसऱ्या दिवसापासून ती तपासणीला आलीच नाही. म्हणजे मशेरी चालूच राहिली, तपासणी तेवढी सुटली.

१९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये हिमवादळ झालं. लाखो घरांची वीज गेली, काहींची तर आठवडेच्या आठवडे. सुझान किंग यांच्या गटानं तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा माग काढला. ज्या आयांचे हाल जास्त झाले त्यांची मुलं दोन वर्षांच्या वयात भाषेत आणि समजेत थोडी मागं दिसली. तिथं नुसती वीज गेली होती. इथं घर गेलं, माणसं गेली, गाव गेलं. मग शेडमधल्या त्या बाईच्या बाळाचं पुढं काही बिघडलं असेल, तर त्याचा सगळा हिशेब त्या एका डबीच्या नावावर टाकायचा? मला तो अप्रामाणिकपणा वाटतो. तो नीतीच्या आधी तर्काचा दोष आहे. सगळं ओलं लाकूड बाजूला ठेवून फक्त आगीला नाव ठेवायचं.

म्हणून आईला द्यायला हवं होतं ते उत्तर असं होतं. "आई, तुझ्या मिश्रीनं आम्हा सगळ्यांचं वजन थोडं घटलं असेल. ते खरं आहे, ते मी लपवत नाही. पण त्याच्या चुळबुळीत आपल्या अण्णांचा वाटा आहे, ते तरी कुठं एका जागी बसायचे. त्या अर्धपोटी वर्षांचा वाटा आहे, त्याला छडीनं बसवणाऱ्या शाळेचा वाटा आहे. आणि तुला जे कुणी सांगितलंच नाही त्याचा दोष तुझा नाही. पण तुझ्या नातसुनेला आपण सांगू." खोटं सांत्वन न करताही माणसाला धीर देता येतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

वेळ संपत आलाय. मघाशी एका आशाताईंनी चिठ्ठी पाठवली: "सर, मग आम्ही घरी जाऊन नेमकं बोलायचं काय?" चांगला प्रश्न आहे, माझ्या सगळ्या व्याख्यानापेक्षा चांगला.

ताई, एक, "तंबाखू घेता का?" असं विचारू नका. "मशेरी लावता का? दिवसातून किती वेळा?" असं विचारा. आणि विचारताना सासू, नवरा समोर नसतील असं बघा. दोन, उत्तर "हो" आलं तर चेहरा बदलू देऊ नका. ही सवय शरीराला जडलेली असते. सोडताना डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे होणार आणि काही दिवसांत कमी होणार, हे आधीच सांगा. दातच दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरकडं पाठवा, कारण तिथंच तर तिची सुरुवात झालेली असते. तीन, "आता पाचवा महिना लागला, आता सोडून काय उपयोग" असं ती म्हणेल. मेरीलँडच्या त्या बायकाही आधीच गरोदर होत्या, तेव्हा सोडूनही फरक पडला. सोडायला कुठलाही महिना चांगला. चार, हे फक्त तिच्यावर टाकू नका. तिनं डबी फेकायची आणि नवऱ्यानं उशाला बसून विडी ओढायची, हे चालणार नाही. तो धूरही बाळापर्यंत जातो. पाच, तंबाखू सोडायला फोनवर मोफत सल्ला मिळतो, राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-११-२३५६. तो घरातल्या पुरुषांनाही द्या.

आणि एखादी म्हातारी तुम्हाला विचारेल, जसं माझ्या आईनं विचारलं, "माझ्यामुळं झालं का गं?" तेव्हा घाईनं "नाही" म्हणू नका, आणि "हो"ही म्हणू नका. बसा तिच्याजवळ पाच मिनिटं. तिला भिंतीची गोष्ट सांगा. किल्लारीच्या माणसाला ती लगेच कळते.

 आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरून सुरुवात करू, तिथली मंडळी मघापासून कुजबुजतायत. (हशा)